फळा न दिसलेली मुले आणि ‘इतर’ रकान्यातील पदवी

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची यादी करताना आम्ही एका नावापाशी अडखळलो. डॉक्टर, अभियंते, वकील, तहसीलदार, बँक अधिकारी अशा रकान्यांत बहुतेकांची सोय लागली; ‘बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री’ ही पदवी घेतलेली आपली विद्यार्थिनी मात्र ‘इतर’ या रकान्यात गेली. यादी लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनी विचारले, “म्हणजे चष्म्याच्या दुकानात का?” प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, अज्ञान होते. तेच अज्ञान काही वर्षांपूर्वी आमचेही होते, आणि त्याची किंमत आमच्या एका विद्यार्थ्याने मोजली आहे.

तो मराठवाड्यातून वसतिगृहात आला होता. उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. इतिहासाची सनावळी एकदा ऐकली की त्याच्या तोंडी बसे. पण फळ्यावरचे उतरवून घेताना तो सतत शेजाऱ्याच्या वहीत डोकावे. आम्ही त्याला नकला करणारा ठरवले, वर्गासमोर उभे केले, छडीही मारली. आठवीच्या उन्हाळी सुट्टीनंतर तो परतला नाही. बारा-तेरा वर्षांनी वाकोला पुलाखाली भेटला, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा होता. टेम्पोचे लायसन्स काढताना डोळे तपासले आणि दोन्हींचा नंबर उणे चार निघाला. आम्हांला वाकून जयभीम करून तो म्हणाला, “सर, मला वाटायचं फळा सगळ्यांनाच असा पुसट दिसतो. बाकीची पोरं हुशार आहेत, म्हणून त्यांना वाचता येतो.”

त्याने तक्रार का केली नाही, याचे उत्तर त्याच वाक्यात आहे. ज्याला स्पष्ट दिसणे ठाऊकच नाही, तो अस्पष्ट दिसते असे सांगणार कसे? उणे दोनचा नंबर असलेल्या डोळ्याला अर्ध्या मीटरपलीकडचे धूसर दिसते, उणे चार असेल तर पाव मीटरपलीकडचे. हे साधे गणित आमच्यापैकी एकाही शिक्षकाला येत नव्हते. आमच्या पिढीत ‘ढ’ म्हणून शाळेबाहेर पडलेल्यांत असे किती असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

धम्मपदाच्या पहिल्या गाथेवरील अट्ठकथेत चक्खुपाल थेरांची कथा येते. ते अंध झाले, कारण पूर्वीच्या जन्मी ते नेत्रवैद्य होते आणि फी बुडवू पाहणाऱ्या स्त्रीला त्यांनी मुद्दाम डोळे जातील असे औषध दिले होते, असे ती कथा सांगते. वैद्याचे शील सांभाळण्याचा उपदेश म्हणून ती आम्हांला मोलाची वाटते. परंतु आजचे अंधत्व गतजन्मीच्या पापाचे फळ, हा तिचा निष्कर्ष आम्ही स्वीकारत नाही. गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला आहे. तो ग्रंथ सिद्ध करताना ते स्वतः मधुमेहाने आणि क्षीण होत चाललेल्या दृष्टीने त्रस्त होते, ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत फारशी सांगत नाही. (‘सम्यक दृष्टी’ या शब्दावर कोटी करण्याचा मोह आम्ही येथे आवरतो.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार झालेला नाही. यात नशीब कुठे येते?

हे काम करणारी विद्या आपल्या देशात नवी नाही. १९५८ साली अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात आणि हैदराबादच्या सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालयात तिचे पदविका शिक्षण सुरू झाले; १९८५ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या आश्रयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री निघाले. आपल्यापुरते पाहिले, तर सांताक्रूझचा पूल ओलांडून पश्चिमेला गेले की जुहूला लोटस कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री आहे. वाकोल्यातून रोज घरचा डबा घेऊन जाण्याइतके जवळ; तरी आमच्या दहावी-बारावीच्या मार्गदर्शन शिबिरांत त्याचे नाव आम्ही कधी घेतले नव्हते.

‘इतर’ रकान्यातील ती मुलगी वाकोल्याच्याच एका चाळीतली. आई विमानतळावर सफाई कामगार. नीटमध्ये गुण कमी पडले, तेव्हा नातेवाइकांनी आणखी एक वर्ष घरी बसून परीक्षा देण्याचा आग्रह धरला. डॉक्टर नाही तर काहीच नाही, हा आपल्या समाजाचा हट्ट आम्ही जाणतो, त्याच्या मुळाशी असलेली जिद्दही जाणतो. तिने मात्र हा अभ्यासक्रम निवडला. आजवर बहुतेक ठिकाणी तो तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असा राहिला आहे. अकरावीत गणित सोडलेल्या तिला पहिल्या वर्षी प्रकाशशास्त्राने रडवले. पुढे डोळ्याची रचना, औषधशास्त्र, कॉन्टॅक्ट लेन्स, दोन डोळ्यांचा मेळ, अल्पदृष्टी असलेल्यांचे साहाय्य असे विषय आले. रेटिनोस्कोपवर हात बसायला कित्येक महिने लागले, असे ती सांगते. या उपकरणाची प्रकाशपट्टी बाहुलीवर फिरवली की आतून परतणारा उजेड कोणत्या दिशेने सरकतो, ते पाहून नंबर काढतात. समोरच्याने एक अक्षरही वाचण्याची गरज नाही. तान्ह्या बाळाचा आणि निरक्षर आजीचा नंबर सारख्याच खात्रीने निघतो. अक्षर नाकारल्या गेलेल्या समाजात जन्मलेल्या आम्हांला ही गोष्ट फार आवडली.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि काही ठिकाणी पदवीधराकडून केवळ फ्रेमा विकून घेतल्या जातात. काही महिन्यांचे प्रमाणपत्र देऊन ‘ऑप्टोमेट्रिस्ट व्हा’ अशी जाहिरात करणारेही आहेत. त्यांच्यापासून पालकांनी दूर राहावे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाला वैधानिक चौकट दिली असून अभ्यासक्रमाचे नियम बदलत आहेत, तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचावी. महाडीबीटीवर त्या महाविद्यालयाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असल्यापासून चालू आहे. बाहेरगावच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृह मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. अर्जाची मुदत चुकली म्हणून शिक्षण सुटलेली मुले आम्ही पाहिली आहेत. निदान त्या कारणाने तरी कोणाचे शिक्षण थांबू नये.

गेली तीन वर्षे ती दर जूनमध्ये काचांची पेटी घेऊन वसतिगृहात येते आणि प्रत्येक मुलाचे डोळे तपासते. गतवर्षी पाचवीत दाखल झालेल्या एका मुलाचा उजवा डोळा मंद निघाला. बाहेरून निर्दोष दिसणारा डोळा. पण लहानपणापासून मोठा नंबर असूनही चष्मा न मिळाल्याने त्याने नीट पाहणे शिकलेच नव्हते. “सहाव्या वर्षी सापडला असता तर बहुधा पूर्ण सुधारला असता,” ती म्हणाली. आपल्या शाळेत मुले पाचवीपासून येतात, त्यामुळे आम्ही कितीही दक्ष राहिलो तरी उशीर झालेलाच असतो. हा डोळा अंगणवाडीत, गावातच सापडायला हवा, आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्यात हे शिक्षण घेतलेले आपले मूल हवे. या वर्षी बारावी विज्ञानाला असलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या पालकांनी आमच्याशी अवश्य बोलावे.

त्या मुलाला आता चष्मा आहे आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायची आहे. थोडाफार उपयोग होईल, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. गृहपाल ताई सकाळी पट्टी लावतात. मुले चिडवतात म्हणून तो ती काढून खिशात घालतो. म्हणून आम्ही पाचवीचा पहिला तास मागून घेतला आहे. तो पहिल्या बाकावर बसतो आणि आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो.