मूठ कुणाच्या हातासाठी?

सिनेमात धो धो पाऊस पडतो, पूर येतो, इमारती कोसळतात, आणि आपण चहाचा घोट घेत म्हणतो, "हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं हो!" जणू कॉम्प्युटरला सांगितलं आणि त्यानं केलं. त्या पावसामागं माणसं असतात, मुंबई-हैदराबादच्या स्टुडिओंत रात्री जागवणारी आपल्याच घरांतली मुलं-मुली असतात, आणि त्यांच्या हाती अवजारं असतात. ही अवजारं कोण घडवतं आणि कुठं बसून घडवतं, हा आजचा विषय.

टोरांटोच्या साइड इफेक्ट्स कंपनीचं हूडिनी हे सॉफ्टवेअर १९९६ साली आलं. त्यात नोड नावाच्या छोट्या चौकटी एकमेकींना जोडून काम चालतं. एक चौकट थेंब सोडते, दुसरी वारा लावते, तिसरी जमिनीवरून शिंतोडे उडवते. असं मोठं जाळं जमलं की ते एका डब्यात बंद करता येतं. त्याला डिजिटल अ‍ॅसेट म्हणतात. बाहेर मोजकी बटणं ठेवायची: पावसाचा जोर, वाऱ्याची दिशा, थेंबाचा आकार. मग आतलं जाळं न कळणाराही पाऊस पाडू शकतो. घरचा मिक्सर तरी आपण कुठं उघडून बघतो?

घोडं पेंड खातं ते ही बटणं बसवताना. त्यासाठी वेगळी खिडकी उघडावी लागते. डावीकडं बटणांचे प्रकार, मधे आपण घेतलेल्या बटणांची उतरंड, उजवीकडं निवडलेल्या बटणाचा तपशील. प्रत्येक बटणाला दोन नावं, एक माणसानं वाचायचं, एक यंत्रानं. माणसाचं खुशाल बदला. यंत्राचं बदललंत तर त्यावर विसंबलेली जुनी सूत्रं तुटतात. एखादं बटण एरवी दडवून ठेवायचं असेल तर महिरपी कंसात अट लिहायची. प्रोग्रॅमिंग शिकलेल्याला यात काही वाटत नाही. पण वर्षानुवर्षं पाऊसच पाडत आलेला कलावंत इथं बिचकतो आणि खिडकी मिटून टाकतो. अशा स्टुडिओत असलेला माझा भाचा म्हणतो, "मामा, मला काय हवंय ते मला ठाऊक असतं. पण टेक्निकलवाल्यांना सांगून तीन दिवस वाट बघायची. तोवर शॉट द्यायची तारीख येते."

हे ऐकून मला आमच्या शाखेतली लेजर पोस्टिंगची यंत्रं आठवली. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांत ती येऊ लागली. आमच्या लेजर-कीपर बाई चेक हाती आला की आधी खात्यावरची शिल्लक बघत. यंत्र आधी चेकचा नंबर मागे, तारीख मागे, रक्कम मागे आणि मग सांगे की शिल्लक नाही! भरलेलं सगळं वाया. पडद्यावरचे रकाने वरच्या कचेरीत ठरले होते. बाईंना कुणी विचारलंच नव्हतं.

तंत्रज्ञांचं म्हणणं असं, की ज्यानं त्यानं आपापली अवजारं करायची म्हटली तर स्टुडिओचा भंगारबाजार होईल. कुणी थेंबांची संख्या भलतीच वाढवून ठेवील आणि सगळी यंत्रं रात्रभर तुंबतील. यात तथ्य आहे. म्हणून तर प्रत्येक बटणाला कमाल-किमान मर्यादा घालण्याची सोय असते. ती मर्यादा किती असावी, हे मात्र रोज पाऊस पाडणाऱ्यालाच नीट सांगता येतं.

अ‍ॅम्स्टरडॅमहून येणारं ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. 'फ्लो' हा लॅटव्हियन चित्रपट त्यावर झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळालं. तिथं एका चौकटीची तार ओढून कडेच्या रिकाम्या खाचेला जोडली की बाहेरच्या पाटीवर बटण उगवतं. २०२३च्या ४.० आवृत्तीपासून असं जाळं थेट मेनूतलं अवजार म्हणूनही वापरता येतं. ब्लेंडर सर्वच बाबतींत सरस आहे असं मुळीच नाही. मोठ्या स्टुडिओंत पाणी, धूर, पडझड या कामांना हूडिनीच लागतं. पण ही तार ओढण्याची रीत हाताला पटते. हूडिनीतही चौकटीवरचं बटण उचलून त्या खिडकीत ओढता येतं. मात्र ते बाहेर कसं दिसतं, हे 'अ‍ॅप्लाय' दाबल्यावर कळतं. वापरणाऱ्याला दिसणार त्याच पाटीवर, त्याच जागी बटण बसवता यावं. आणि यंत्राचं नाव बदलू गेल्यास कुठली सूत्रं तुटतील ते आधी दिसावं. एवढं झालं तरी ती खिडकी कलावंताला आपली वाटेल.

आणखी एक. या धंद्यात करार बहुधा चित्रपटापुरता. चित्रपट संपला की माणूस दुसऱ्या स्टुडिओत, कधी दुसऱ्या देशात जातो. डबा मागं राहतो. वाऱ्याचं बटण चाळीसच्या पुढं का नेऊ नये, हे सांगणारा गेलेला असतो. डब्याला मदतीचं एक पान जोडण्याची सोय हूडिनीत आहे. भाचा म्हणतो, बहुतेक वेळा ते कोरं असतं. हे पान भरल्याशिवाय डबा दुसऱ्याच्या हाती जाऊच नये, एवढी अडवणूक सॉफ्टवेअरनं जरूर करावी. व्हाउचरवर तपशिलाचा रकाना रिकामा असला तर मी सही करत नसे, आणि त्यावरून पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.