गंजलेला नट आणि विस्तव

गेल्या उन्हाळ्यांत रत्नागिरीस वडिलोपार्जित घरीं गेलों असतां आमच्या जुन्या मोटारीची सायलेन्सरची नळी बदलण्याचा प्रसंग आला. दोन पावसाळे ती गाडी मांडवाखालीं उभी होती. खाऱ्या वाऱ्यानें आपलें काम चोख बजावलें होतें. जोडावरील तीन नटांपैकीं एकहि हलेना. पान्याच्या दांड्यास लोखंडी नळी अडकवून आम्हीं जोर केला, तों पहिला नट बोल्टासकट मोडून हातांत आला! ओटीवरून वडील बंधु इतकेंच म्हणाले, “अरे, एकांत एक अडकलेले पेले आई कसे सोडवीत असे, तें आठव.”

वाचकभगिनींस तें ठाऊकच आहे. आंतल्या पेल्यांत गार पाणी घालून बाहेरचा कढत पाण्यांत धरला, कीं दोन्ही विलग होतात. चाकावर धाव चढविणारा लोहार तरी निराळें काय करतो? धाव तापवून मोठी करतो, बसवितो, आणि पाणी ओतून आंवळतो. आपणांस यांतील पूर्वार्धच हवा.

पोलाद एक अंश सेंटिग्रेडनें तापलें असतां लांबीच्या लाखांत सुमारें १·२ भाग वाढतें. म्हणजे १२ मिलिमीटरचें भोंक ३०० अंशांनीं तापविल्यास मिलिमीटरचे अवघे चार शतांश रुंदावेल. कोणी हंसेल, परंतु आट्यांत दाटलेल्या गंजाची ठिसूळ पकड मोडावयास तेवढें पुरतें. म्हणून तापवावयाचा तो नट. बोल्टहि तितकाच तापला तर तोहि फुगतो व श्रम फुकट जातात. मग ऊन नटाच्या कडेस मेणबत्ती टेकवावी. वितळलेलें मेण आट्यांत आपण होऊन ओढलें जातें. पाना थोडा पुढें, थोडा मागें, असा फिरवावा.

हें ऐकून आमच्या उत्साही पुतण्यानें गॅसची बत्ती पेटविली आणि तो गाडीखालीं शिरला. तेवढ्यांत आलेले मिस्त्री ओरडले, “दादा, आधीं बत्ती विझवा!” दोन वितींवर पेट्रोलची नळी होती, आणि नटावर आम्हींच सकाळीं गंजाचें तेल फवारलें होतें. आम्ही घामाघूम झालों. मिस्त्रींनीं तेल पुसलें, नळी सोडवून दूर केली, वाळूची बादली जवळ ठेविली, मगच ज्योत लाविली.

त्यांनीं आणखी सांगितलें तें येथें देतों. शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखा बंदिस्त भाग कदापि तापवूं नये, तो फुटतो. ब्रेक धुण्याच्या कांहीं द्रवांत क्लोरीन असतें. त्यावर ज्योत गेल्यास विषारी वायु होतो. तापविलेल्या बोल्टाचें पाणी उतरतें, तेव्हां ब्रेक किंवा सुकाणूच्या जागीं तो पुन्हा वापरूं नये. हल्लीं विजेच्या वेटोळ्यानें नट तापविणारें उपकरणहि मिळतें. तत्त्व तेंच, जें १८३१ सालीं फॅरडेनें दाखविलें व ज्यावर स्वैपाकघरांतील इंडक्शनची शेगडी चालते. त्यांत ज्योत नाहीं, पण लाल झालेला नट पेट्रोल पेटवूं शकतोच. शिवाय हृदयास पेसमेकर बसविलेल्या वडीलधाऱ्यांनीं त्याजवळ जाऊं नये.

उरलेले दोन नट अर्ध्या तासांत सुटले. आम्हीं मोडलेला बोल्ट मात्र भोंक पाडून काढण्यांत सारी दुपार गेली, आणि आंबेडाळीचा बेत रात्रीवर गेला.