धुतलेला गहू

सणाच्या अंकात पाऱ्याचा विषय कशाला, असे काही स्नेह्यांनी विचारले. दिवाळी हा रब्बीच्या पेरणीचा काळ, आणि धान्यातल्या पाऱ्याने केलेला सर्वांत भीषण घात एका हुकलेल्या पेरणीतूनच घडला, म्हणून.

१९७१ साली दुष्काळाने इराकचे शेतकरी बियाण्याला मोताद झाले होते. सरकारने मेक्सिको आणि अमेरिकेतून सुमारे ९५ हजार टन गहू आणि बार्लीचे बियाणे आणले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पाऱ्याचे औषध चोळले होते, आणि ते खायचे नाही हे कळावे म्हणून लालसर रंग दिला होता. पण कित्येक गावांत पोती पोचली तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या, आणि घरात खायला दाणा नव्हता. पोत्यांवरचा इशारा होता इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. लोकांनी गहू धुतला. रंग उतरला, तसे विषही उतरले असे त्यांना वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना खाऊ घालून पाहिले. कोंबड्या ठणठणीत राहिल्या. मग रोट्या भाजल्या गेल्या.

हा पारा लगेच कळत नाही. काही आठवडे सारे ठीक असते. मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, नजर अरुंद होत जाते, ऐकू येईनासे होते. आईला फारसा त्रास झाला नाही तरी पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा झाली. रुग्णालयांत ६,५३० माणसे दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली. जी रुग्णालयापर्यंत पोचलीच नाहीत, ती या आकड्यांत नाहीत.

या माणसांना अडाणी म्हणणे आम्हाला मान्य नाही. हाताशी होती ती प्रत्येक परीक्षा त्यांनी करून पाहिली. ज्यांना खरे ठाऊक होते, त्यांनी ते शेतकऱ्याच्या भाषेत आणि वेळेवर सांगितले नाही.

पारा आपल्या शेतांनाही परका नाही. उसाच्या बेणेप्रक्रियेला पूर्वी वापरले जाणारे एमिसान हे पाऱ्याचेच औषध. त्यातल्या रसायनावर भारतात बंदी आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. दगडी कोळशातही पारा असतो. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरांड्यांतून तो हवेत जातो आणि पावसाबरोबर जमिनीत उतरतो. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात, वानशानच्या पाराखाणींच्या परिसरात, लोकांच्या शरीरात मिथाइल पारा जातो तो मुख्यतः भातातून, असे संशोधकांना आढळले. पाणी साचलेल्या चिखलात हवा नसते. तिथले जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात आणि भाताचे पीक तो दाण्यात साठवते. आपल्या पूर्व विदर्भात कोळसा जळतो, आणि धानही पिकते.

मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासल्या जातात: सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे. पारा त्यांत नाही. ही खर्चिक तपासणी प्रत्येक शेताची करा, असे आम्ही म्हणत नाही. वीजकेंद्रांभोवतीच्या बांध्यांची मात्र ती दरवर्षी व्हावी, मातीबरोबर धानाचेही नमुने घ्यावेत, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा, अशी राज्याच्या कृषी विभागाकडे आमची मागणी आहे. धान आत्ता कापणीला आले आहे. पहिले नमुने याच महिन्यात घेता येतील.