टाळ्या वाजवणारी दोन पोरं

ब्राझील देशात अनोळखी माणूस दारावर थाप मारत नाही. फाटकाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. साओ पाउलोसारख्या शहराच्या कडेच्या वस्तीत भर दुपारी अशा टाळ्या ऐकू आल्या, बाहेर पाहिले तर पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन कोवळी पोरं उभी. घरातली बाई लगेच ओळखते, मॉर्मन आले. बहुतेक वेळा ती हात हलवून "नको" म्हणते. पोरं पुढच्या फाटकावर जातात. दोन वर्षे हेच.

हे मॉर्मन कोण, ते आधी सांगतो. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ काढला. ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. युटा राज्यातले सॉल्ट लेक सिटी हे त्यांचे मुख्य ठाणे. १८५२ साली त्यांचा प्रचारक आपल्या मुंबईत उतरून पुण्यापर्यंत येऊन गेला, पण इकडे बस्तान बसले नाही. ब्राझीलमध्ये मात्र त्यांचे दहा लाखांहून अधिक सभासद आहेत.

पंथातल्या प्रत्येक तरुणाने प्रचाराला जावे, अशी अपेक्षा असते. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष. मुलांचे वय पूर्वी १९ होते, २०१२ पासून १८ झाले. आज जगभर ७० हजारांहून अधिक मुले-मुली या कामावर आहेत. कुठे जायचे ते मुख्यालय ठरवते; पूर्वी घरी पत्र येई, त्यात देशाचे नाव असे. पगार नाही. उलट घरच्यांनीच पैसे भरायचे. अमेरिकेतल्या कुटुंबाला २०२० पासून दरमहा ५०० डॉलर पडतात. पुष्कळ पोरं शाळेत असल्यापासून सुट्टीत काम करून त्यासाठी पैसे साठवतात. आणि गंमत पाहा, या मिसरूड फुटलेल्या पोराला सगळ्यांनी म्हणायचे ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा!

सकाळी साडेसहाला उठायचे, साडेदहाला दिवा मालवायचा. सकाळी प्रार्थना, धर्मग्रंथाचा अभ्यास, पोर्तुगीज भाषेची घोकंपट्टी. मग दिवसभर रस्ता. दुपारचा भात आणि घेवड्याची उसळ बहुधा तिथल्याच एखाद्या सभासद बाईच्या घरी. सिनेमा नाही, पोहणे नाही, मुलीबरोबर फिरणे नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याचा, बाजार करण्याचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. बायाबापड्यांना विचारावेसे वाटेल, आईशी बोलायचे कधी? २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत नियम असा होता की घरी फोन वर्षातून दोनदाच करायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येते. हा बदल ज्याने केला त्याला एखाद्या आईनेच हलवले असावे, असे आम्हाला उगाच वाटते.

एकटे राहायचे नाही, हा सर्वांत कडक नियम. जोडीदार वरून नेमून दिलेला असतो. आवडो, न आवडो, चोवीस तास त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे. एक युटाचा शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा ब्राझीलमधल्या मजुराचा. एकाला दुसऱ्याचे घोरणे सहन होत नाही, दुसऱ्याला पहिल्याची भाषा कळत नाही. परत गेलेली बरीच मंडळी सांगतात की बंद दारांपेक्षा हे अवघड होते. काहींचे मन मोडते, काही आजारी पडतात आणि मुदतीआधी घरी येतात. तेव्हा गावात जी कुजबुज होते, तिला तोंड देताना त्या पोराचे काय होत असेल?

आता कॉफीची गोष्ट. ब्राझील हा कॉफीचा देश. दार उघडले की पाहुण्यापुढे छोट्या कपातली गोड काळी कॉफी येते. मॉर्मनांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. पोराला हात जोडून नको म्हणावे लागते. आपल्या घरात कुणी चहाला नको म्हटले की आपल्या मनात काय येते, ते वाचकांना सांगायला नको. पोरगा धर्माचा नियम सांगतो, पाणी मागून पितो, आणि बाईचे मन राहते.

पण त्याच घरात, त्याच खुर्चीत बसून पूर्वी दुसरा एक नियमही पाळला जाई. १९७८ पर्यंत या पंथात काळ्या माणसाला पौरोहित्य मिळत नसे. त्यांच्यात पगारी भटजी नाहीत. साधारण बारा वर्षांच्या पोरापासून सगळ्या पुरुषांना पौरोहित्य मिळते. म्हणजे फक्त काळा तेवढा बाहेर. त्याला प्रचारक होता येत नसे, मंदिरातले मुख्य विधी काळ्या बाईलाही बंद. ब्राझीलमध्ये तर गोरे, काळे, मूळनिवासी यांचे रक्त पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेले. ओळखायचे कसे? म्हणून या प्रचारक पोरांना शिकवले जाई की घरात गेल्यावर भिंतीवरचे, आल्बममधले फोटो पाहा. आजी काळी दिसली तर पुढची शिकवण जपून. पाणी देणाऱ्या बाईच्या आजीचा फोटो शोधणारा तो १९ वर्षांचा पोरगा आम्हाला डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला ते कळत नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही.

रिओ शहरातले हेल्वेसिओ मार्टिन्स हे शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे काळे गृहस्थ. १९७२ साली ते बायकोमुलांसह या पंथात गेले. नियम ठाऊक असूनही गेले. का गेले, हा प्रश्न आमच्या वाचकांना पडणारच, आम्हालाही पडला. १९७५ साली साओ पाउलोत मंदिर बांधायचे जाहीर झाले, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीचे काम मार्टिन्स यांच्याकडे आले. ज्या मंदिराची माहिती लोकांना द्यायची, त्याच्या आत मात्र त्यांना जाता येणार नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिराची आठवण होते ती इथे.

त्यांचा मुलगा मार्कुस. तू पुढे धर्मप्रचार करशील, असा आशीर्वाद त्याला चर्चमधल्या वडीलधाऱ्याकडून मिळाला होता. नियमाने तर ते शक्य नव्हते. तरी आईबापांनी त्याच्या प्रचारयात्रेसाठी बँकेत खाते उघडले आणि पैसे टाकत राहिले. जून १९७८ मध्ये मुख्यालयाने बंदी उठवल्याचे जाहीर केले. मार्कुसचे तेव्हा लग्न ठरले होते, पत्रिकाही छापून झाल्या होत्या. त्याने आणि त्याच्या नियोजित वधूने लग्न पुढे ढकलले. बंदी उठल्यावर निघालेल्या पहिल्या काळ्या प्रचारकांत तो एक होता. वडील १९९० साली पंथाच्या वरिष्ठ नेतृत्वात गेले, तिथवर पोहोचलेले पहिले काळे गृहस्थ. पूर्वी काळ्या रंगाविषयी सांगितलेल्या समजुती आपण नाकारतो, हे मात्र चर्चने लेखी सांगितले २०१३ साली, म्हणजे बंदी उठल्यावर ३५ वर्षांनी.

मार्कुसला साओ पाउलोच्या बाजूला पाठवले. पांढरा शर्ट, टाय, काळी पट्टी, शेजारी जोडीदार, आणि फाटकाबाहेर उभे राहून टाळ्या. तो परत येईपर्यंत वधू थांबली. खात्यातले पैसे कामी आले.