मोटारीचे चाक आणि साखळीचे माप

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत अलीकडे एक प्रघात पडत चालला आहे, आणि तो आमच्या मते शेतकऱ्याच्या पदरास खार लावणारा आहे. बोलेरोसारखी गाडी दाराशी आली, की कारखान्याने बसविलेले टायर झिजण्याची वाटही न पाहता ते काढावयाचे व त्यांचे जागी अधिक मोठे घालावयाचे. गाडी उंच दिसते, चिखलात अडणार नाही असे वाटते, आणि दुकानदारही ‘बसतंय, घेऊन जा’ असे सांगून मोकळा होतो. बसते हे खरे. परंतु रिमवर बसणे आणि गाडीस मानवणे या दोन निराळ्या गोष्टी होत.

टायरच्या अंगावरील आकडे वाचावयास कठीण नाहीत. बोलेरोस कारखान्यातून २१५/७५ आर १५ हे माप येते. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा इतकी रबराची उंची, आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. हिशेब केला असता उभे चाक ७०३ मिलिमीटरांहून किंचित अधिक भरते. हौसेने घालतात तो २३५/७५ आर १५. त्याचे चाक ७३३ मिलिमीटरांवर जाते. फरक ३० मिलिमीटरांचा, म्हणजे शेकडा सव्वाचार. गाडी जमिनीपासून उचलली जाते ती मात्र त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर. एवढ्याकरिताच हा सारा खटाटोप!

महसूल खात्यात असता आम्ही मोजणीची ३३ फुटी साखळी पुष्कळ वेळा पाहिली आहे. ती साखळी कोणी गुपचूप ३४ फूट ५ इंचांची केली, आणि मोजणारा ती ३३ फुटांचीच समजून चालला, तर काय होईल? कागदावर चाळीस गुंठे लिहिलेली जमीन प्रत्यक्षात साडेत्रेचाळीस गुंठे भरेल. मोटारीचे मीटर हे असेच साखळी मोजणारे आहे. चाकाचे फेरे मोजून ते अंतर सांगते. चाक वाढविले हे त्यास कोणी कळवीत नाही. काटा ६० दाखवितो, तेव्हा गाडी पूर्वी त्याच काट्यावर जितकी धावत असे त्याहून शेकडा सव्वाचारने अधिक धावत असते. प्रत्यक्ष दहा हजार किलोमीटर चालल्यावर मीटरवर सुमारे नऊ हजार सहाशेच चढतात. ज्याची गाडी किलोमीटरच्या दराने भाड्याने जाते, त्याने या चारशे किलोमीटरांचे पैसे कोणाकडे मागावे?

आमच्या पुतण्याने हाच उद्योग केला. पुढे तो तक्रार करू लागला, की लिटरला १४ किलोमीटर जाणारी गाडी आता १३ च जाते. आम्ही कागद घेऊन बसलो. मीटरवरील १३ म्हणजे प्रत्यक्षात साडेतेरा. म्हणजे अर्धी तूट केवळ नोंदीतली निघाली. उरलेली अर्धी मात्र खरी होती, कारण मोठे व जड चाक फिरविण्यास इंजिनास अधिक जोर लागतो, आणि थांबविण्यास ब्रेकलाही. पुतण्याचे म्हणणे एवढेच, ‘काका, पण गाडी दणकट दिसते ना!’ त्यानंतर लग्नाची माणसे भरून अहमदपूरकडे जाताना जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहतात तो पुढील टायर वळणावर आतल्या अस्तरास घासून त्याच्या खांद्यावर बोटभर चीर पडलेली. गाडीत लहान मुले होती. टायर वाटेत फुटला नाही, हे नशीब.

आपल्या काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. ही चिकण माती चाकास लपेटून वर चढते. चाक व मडगार्ड यांमधील मोकळी जागा मोठ्या टायरने आधीच खाल्लेली असली, तर तेथे चिखल ठासून चाक जाम होते. म्हणजे ज्या चिखलासाठी टायर घेतला, त्याच चिखलात गाडी रुतावयाची!

माप मुळीच बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. रुंदी वाढवावयाची तर उंचीची टक्केवारी उतरवावी. २३५/७० आर १५ घेतल्यास चाक ७१० मिलिमीटर होते व फरक शेकडा एकाच्या आत राहतो. तोही घेताना रिमची रुंदी त्यास चालते की नाही ते पाहावे, चारही चाकांस एकच माप घालावे, आणि बाजूवरील भाराचा अंक मूळच्यापेक्षा कमी नसावा. १०० हा अंक म्हणजे एका टायरवर ८०० किलो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते, व जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यास दुजोरा दिला आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या हाती ही हरकत आपण होऊन का द्यावी?

ट्रॅक्टरचे प्रकरण थोडे निराळे. मागे १३.६-२८ ऐवजी १४.९-२८ घालणे पुष्कळदा योग्य असते. काही ट्रॅक्टरांस उत्पादकच दोन्ही मापे देतात, आणि रुंद टायरने ओल्या रानात जमीन कमी दबते. पण सोयाबीनच्या ४५ सेंटीमीटरच्या ओळींत १४.९ इंची, म्हणजे सुमारे ३८ सेंटीमीटरचे चाक घातले, तर दोन्ही अंगांस चार बोटेही जागा उरत नाही. कोळपणीस अरुंद चाकच बरे. आणि पुढील चाकांसही ओढ असलेल्या ट्रॅक्टरात केवळ मागची जोडी कधीही वाढवू नये. तेथे पुढील चाके किंचित अधिक वेगाने चालावीत असे दातांचे प्रमाण बांधलेले असते. मागील चाके वाढली की ते बिघडते, पुढची जोडी ओढण्याऐवजी फरफटत जाते आणि गिअरांवर ताण येतो.

टायर विकणाऱ्यांनी जुन्या व नव्या चाकाचा व्यास पावतीवर मिलिमीटरांत लिहून द्यावा, व आपल्या संस्थेने मापांचा एक तक्ता कचेरीच्या भिंतीवर लावावा, अशी आमची चालकांस विनंती आहे. पुतण्याने जुनी मापे परत बसविली. काढलेले चार टायर गोठ्याच्या भिंतीशी उभे आहेत, आणि अजून त्यांस गिऱ्हाईक लाभलेले नाही.