घरात फोन एक, पण रिपोर्ट कोणाचा?

केसपेपर काढताना नाव, वय, गाव झालं की पुढचा प्रश्न मोबाईल नंबरचा असतो. आपल्या भागात याचं उत्तर बऱ्याचदा पेशंट देतच नाही, सोबत आलेलं माणूस देतं. ‘पोऱ्याचा लिहून घ्या.’ ‘माझाच टाका, तिच्याकडे फोन नाही.’ नंबर लिहिला जातो. त्या दिवसापासून त्या बाईच्या शुगरचा, थायरॉईडचा, लघवीचा, सोनोग्राफीचा प्रत्येक रिपोर्ट त्या नंबरवर जायला लागतो. तिला कोणी विचारलेलं नसतं, आणि विचारायला हवं होतं असं कोणाला वाटतही नाही. आजचा लेख या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

आधीच सांगतो, घरात एक फोन किंवा एकच अकाउंट वापरणं यात काही गैर आहे असं माझं म्हणणं नाही. कापसाचे पैसे हातात आल्यावर एक स्मार्टफोन घेतला जातो, तो पोरांच्या अभ्यासाला, बाजारभावाला, पीकविम्याला आणि डॉक्टरला, सगळ्यांना पुरवायचा असतो. सरकारी यंत्रणेनेही हे गृहीतच धरलं होतं. कोरोनाच्या लसीसाठी कोविन पोर्टलवर एका मोबाईल नंबरवर आधी चार आणि जानेवारी २०२२ पासून सहा जणांची नोंदणी करता येत होती. ती सोय नसती तर आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांना लस मिळायला उशीर झाला असता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या देशभरात ५४ टक्के निघाल्या, खेड्यांत त्याहून कमी, ४७ च्या आसपास. म्हणजे खेड्यात निम्म्याहून जास्त बायकांचा निरोप दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर येतो.

लसीच्या तारखेपुरतं हे चालून जातं. सगळ्या आजारांना चालत नाही.

पेशंटच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत हे वैद्याला चरकसंहितेच्या काळापासून बजावलेलं आहे. आम्हा डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेतही ते आहे. पण हे सगळे नियम एक गोष्ट धरून चालतात, की गुपित फुटलं तर डॉक्टरच्या तोंडून फुटेल. आता डॉक्टर गप्प असतो आणि फोन बोलतो. रिपोर्टची पीडीएफ आली की वरच्या पट्टीत लॅबचं नाव दिसतं, फाईलचं नाव दिसतं, आणि फाईलच्या नावात कधी कधी तपासणीचंही नाव असतं. फोन तेव्हा चार्जिंगला लावलेला असतो, घरातलं कोणीही उचलून बघतं.

समजा पहूरची एखादी बाई तपासणीसाठी मुद्दाम जळगावला गेली. गावात लॅब आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, तरी ती चाळीसेक किलोमीटर लांब गेली, कारण इथे पेठेत किंवा कसब्यात रांगेत उभं राहिलं की ओळखीचं माणूस भेटतंच. रक्त दिलं, नंबर विचारला तेव्हा सवयीने घरचा सांगितला आणि एसटीत बसली. गाडी नेरीला पोचायच्या आत रिपोर्ट घरी पोचलेला असतो. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते तिच्या आधी सासरच्यांना कळलेलं असतं.

असं एकदा झालं की माणूस काय शिकतं? पुढच्या वेळी तपासणीच करत नाही. पाळी चुकली तरी विचारत नाही, अंगावरून पांढरं जातंय हे सांगत नाही, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही हे तर नाहीच नाही. टीबीचं औषध चालू असलेला तरुण ‘नंबर बदललाय’ म्हणून सांगतो आणि पाठपुराव्याचे फोन बंद होतात. नेहमीच्या टीबीचं औषध किमान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात आणि मग उपचार लांबतो, औषधं जड होतात. म्हणून मी याला शिष्टाचाराचा विषय मानत नाही. खाजगीपणा हा उपचाराचाच भाग आहे.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यात पेशंटच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे. जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाने ठराविक पद्धतीने सांगण्याची तरतूद आहे, पण सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर सांगू नये असंही तोच कायदा म्हणतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव आणि तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आली. आणि हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं म्हणून सांगतो: कायद्यात बसणाऱ्या गर्भपातासाठी १८ वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. आता विचार करा, ज्या तपशिलासाठी डॉक्टरला तुरुंग होऊ शकतो, तोच तपशील आपण घरच्या फोनवर फोटो काढून पाठवतो.

आता फोनकडे वळू. ‘व्हॉट्सॲपवर सगळं सुरक्षित असतं ना?’ असं बरेच जण विचारतात. व्हॉट्सॲपचा संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरं आहे. पण ते कुलूप वाटेवर आहे, घराच्या दाराला नाही. संदेश तुमच्या फोनवर पोचला की तो त्या फोनला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

सगळ्यात जास्त घोळ जीमेल अकाउंटचा होतो. दुकानात नवा फोन घेतला की दुकानदार विचारतो, आयडी आहे का? मग घरातल्या पहिल्या फोनवर जो आयडी होता तोच दुसऱ्यात, तिसऱ्यात टाकला जातो. काम झालेलं असतं, पण आता तिन्ही फोन आतून जोडले गेले. एकाने सेव्ह केलेला नंबर तिघांच्या यादीत दिसतो. फोटोंचं बॅकअप चालू असेल तर लेकीने काढलेला रिपोर्टचा फोटो बापाच्या फोनमधल्या गूगल फोटोजमध्ये उघडतो. एकीने रात्री जे शोधलं, यूट्यूबवर जो व्हिडिओ पाहिला, त्याचा इतिहास त्या आयडीवर साठतो आणि दुसऱ्याच्या फोनवर सुचवणीत वर येतो. यात कोणी कोणावर पाळत ठेवलेली नसते, फोनने फक्त सांगितलेलं काम केलेलं असतं. पण घरात संशयाला जागा असली की एवढं पुरतं.

उपाय फुकट आहे. घरातल्या प्रत्येक फोनला वेगळा आयडी करा. नवा आयडी आधी फोनमध्ये घाला, लागणारे नंबर त्यात उतरवून घ्या आणि मगच जुना काढा. उलट क्रमाने केलंत तर त्या फोनवरचे नंबर गायब होतील आणि मग माझ्या नावाने बोटं मोडाल.

दुसरा घोळ ‘लिंक्ड डिव्हायसेस’चा. एक व्हॉट्सॲप मूळ फोनशिवाय आणखी चार ठिकाणी जोडता येतं. पोराने अभ्यासासाठी म्हणून आईचं व्हॉट्सॲप लॅपटॉपवर उघडलं असेल, तर आईला आलेला प्रत्येक निरोप तिथेही दिसतो. रिपोर्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिथल्या संगणकावर कोड स्कॅन केला असेल, प्रिंट घेऊन तुम्ही घरी आलात, पण तिथे तुमचं व्हॉट्सॲप उघडंच राहिलेलं असू शकतं. आत्ता हे वाचता वाचता सेटिंग्जमध्ये जाऊन ती यादी उघडून बघा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. शक्य असेल तर प्रिंटसाठी लॅबमधूनच कागद मागून घ्या, तो देणं त्यांचं कामच आहे.

फोन एकच असेल आणि वेगळा घेणं जमणार नसेल, तर व्हॉट्सॲपमध्ये ठराविक चॅटला कुलूप लावायची सोय २०२३ पासून आहे. त्या चॅटच्या सूचनेत नाव आणि मजकूर दिसत नाही. पण एक खोच आहे. हे कुलूप फोनच्याच बोटाच्या ठशाने उघडतं, आणि फोनमध्ये नवऱ्याचाही ठसा नोंदवलेला असेल तर त्याच्या बोटानेही उघडेल. म्हणून त्या चॅटसाठी वेगळा गुप्त कोड ठेवायची सोय वापरा. निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांसाठी लावता येते, मात्र फोटो गॅलरीत उतरला असेल तर तो तिथेच राहतो.

इथे थोडं थांबून एक गंभीर गोष्ट. ज्या घरात मारहाण होते, फोन रोज तपासला जातो, तिथे अचानक कुलूप लावणं हेच भांडणाचं कारण होऊ शकतं. अशा वेळी फोनच्या युक्त्या करू नका. डॉक्टरला किंवा नर्सला एवढंच सांगा, ‘मला काही पाठवू नका, मी स्वतः येऊन विचारीन.’ कारण सांगायची गरज नाही. आशाताईंकडे निरोप ठेवायचा की नाही हेही तुम्हीच ठरवा. बऱ्याच जणींना त्यांचा आधार वाटतो, काहींना त्या शेजारच्याच म्हणून नको वाटतात, आणि दोन्ही बरोबर आहे.

पण सगळं ओझं पेशंटवर टाकून आम्ही मोकळे होणं मला पटत नाही. दवाखान्याने आणि लॅबने नंबर लिहिताना आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत: हा फोन कोणाकडे असतो, आणि रिपोर्ट यावर पाठवू का? हे सोबतच्या माणसासमोर नाही, वजन-बीपी बघताना पेशंटला एकट्याला गाठून विचारायचं. जादा वेळ लागेल अर्धा मिनिट. निरोपात ‘रिपोर्ट तयार आहे, येऊन घेऊन जा’ एवढंच असावं, तपासणीचं नाव नसावं. आणि डॉक्टर मंडळींच्या ग्रुपवर पेशंटच्या नावासकट एक्स-रे टाकायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. नाव झाकायला किती वेळ लागतो?

फोनवरून सल्ला देण्याबद्दल केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला आली. त्यात प्रौढ पेशंटच्या वतीने दुसरं कोणी बोलत असेल तर पेशंटची परवानगी हवी असं आहे. तेव्हा पुण्याहून मुलगा ‘आईचं काय झालं?’ विचारतो आणि डॉक्टर म्हणतो ‘जरा आईला फोन द्या’, तर रागावू नका.

‘घरच्यांपासून काय लपवायचं?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो वाईट हेतूने विचारलेला नसतो. आपल्याकडे आजारपण एकट्याचं नसतं, पैसे घरच उभे करतं, डबा घरूनच येतो. वडिलांची शुगर रात्रीतून उतरली तर इन्सुलिनचा डोस कोणता चालू आहे हे सुनेला माहीत असायलाच हवं. विसरभोळेपणाचा आजार झालेल्या आजोबांचा फोन मुलाने सांभाळला तर त्यात त्यांचंच भलं आहे. अशा घरात औषधांची यादी, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरचा नंबर हे सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवा, मी तर फ्रिजवर चिकटवायला सांगतो. फरक एवढाच, की काय उघड करायचं हे ज्याचा आजार त्याने सांगायचं. शुद्धीत असलेल्या ७५ वर्षांच्या आजींनाही ‘तुमचा रिपोर्ट कोणाला पाठवू?’ हे विचारलंच पाहिजे. वय झालं म्हणून हक्क मुलाकडे जात नाही.

वयात आलेल्या पोरांबद्दल माझं मत आईबापांना आवडणार नाही कदाचित. दहा वर्षांच्या मुलाचा फोन बघा, जरूर बघा. सतरा वर्षांच्या मुलीने पाळीबद्दल किंवा उदास वाटण्याबद्दल काय शोधलं हे चोरून वाचलंत तर ती शोधायचं थांबवेल. मग ती चुकीच्या माणसाला विचारेल.

आभा कार्ड काढतानाही हेच लक्षात ठेवा. घरातल्या अनेकांची आभा खाती एका मोबाईल नंबरशी जोडता येतात, आणि शिबिरात घाईघाईत तसंच होतं. पुढे रेकॉर्ड उघडायला त्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणजे फोन ज्याच्या हातात त्याच्या हातात चावी. स्वतःचा नंबर नंतर मिळाला तर आभामध्ये तो बदलून घेता येतो, आणि बदलून घ्यावा.

शेवटी फोनच्या कॉल यादीबद्दल. मन बरं नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बायकांसाठीची मदतवाहिनी १८१. फोन घरात फिरता असेल तर बोलून झाल्यावर यादीतून तो नंबर काढून टाका. तेही नको वाटत असेल तर आमच्या किंवा कोणत्याही दवाखान्यात येऊन ‘एक फोन करायचाय’ म्हणा.