विश्लेषण : रोपे लावून झाली, निसर्गाची ओढ कशी लावणार?

शाळांत पर्यावरण शिक्षण सक्तीचे होऊन दोन दशके उलटली. तरीही लहान मुलांपर्यंत ते पोहोचते ते बहुतेकदा घोषवाक्ये, चित्रकला स्पर्धा आणि ५ जूनच्या वृक्षारोपणातून. राज्यातील प्राथमिक वर्गांचा अभ्यासक्रम बदलत असताना या वयात नेमके काय शिकवायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सक्ती कशी झाली?

एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. अंमलबजावणी रेंगाळली. अखेर जुलै २००४ मध्ये ‘एनसीईआरटी’चा अभ्यासक्रम सर्व राज्यांनी लागू करावा, असे न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ हा विषय आहे. तिसरीचे पुस्तक जिल्हानिहाय काढण्यामागे मुलाने आधी आपला भोवताल ओळखावा, हाच विचार होता.

नव्या धोरणात काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आहे. त्यासाठीच्या २०२२ च्या आराखड्यात भोवतालच्या निसर्गाविषयी आपुलकी निर्माण होणे, हे स्वतंत्र उद्दिष्टच आहे. राज्याच्या वेळापत्रकात नवा अभ्यासक्रम पहिलीला २०२५-२६ पासून, तर दुसरी ते चौथीला २०२६-२७ पासून ठेवण्यात आला.

मुलांना संकटे सांगावीत का?

हवामान बदल, वितळणारे हिमनग, नष्ट होणारे प्राणी हे विषय आता पहिलीच्या भित्तिपत्रकांवरही दिसतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ मध्येच याबाबत सावध केले होते. आपल्या हातात काहीच नसलेल्या आपत्तींचे ओझे कोवळ्या वयात टाकले, तर मुले निसर्गाला घाबरतात आणि दुरावतात, असे त्यांचे म्हणणे. संशोधक लुईस चावला यांच्या अभ्यासात पर्यावरणासाठी झटणाऱ्या अनेकांनी दोन गोष्टी सांगितल्या : लहानपणी मोकळ्या निसर्गात घालवलेला वेळ आणि तो दाखवणारे कुणीतरी मोठे माणूस.

हे आपल्याकडे नवे आहे का?

नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तिथली शैक्षणिक साधने होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेण्यात आली.

मग अडते कुठे?

मोजमापात. किती रोपे लावली, हे मोजता येते आणि त्याचे छायाचित्रही पाठवता येते. मुलाला किती झाडे ओळखता येतात, हे कुणी विचारत नाही. जूनमध्ये लावलेल्या रोपाला खरी गरज एप्रिल-मेमध्ये पाण्याची असते. तेव्हा शाळेला सुट्टी असते. शहरात अनेक शाळांच्या अंगणात फरशी असते. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असले, तर मुलांना बाहेर नेण्याची जबाबदारी घेणे अवघड होते.

काय करता येईल?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात मुले एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे नोंदवतात. पिंपळाची कोवळी तांबूस पालवी किंवा फाल्गुनातला पळस रस्त्याकडेलाही पाहता येतो. मात्र, त्यासाठी वेळापत्रकात हक्काचा तास हवा आणि वर्गाबाहेर गेलेल्या शिक्षकाला प्रशासनाची साथ हवी. ‘किती रोपे लावली’ऐवजी ‘दोन उन्हाळ्यांनंतर किती जगली’ असे शाळांना विचारले, तरी बराच फरक पडेल. कारण रोप जगवायचे तर कुणाला तरी वर्षभर त्याच्याकडे पाहावे लागते आणि आपुलकी त्या पाहण्यातूनच येते.